जुनाच बोल्ट

रॅनफर्लीच्या पुढे अठरा किलोमीटर, मग खडीचा रस्ता,
मग एक शेड, दार बर्फाने धरून ठेवलेलं.
आयल्साबाईंनी किटलीतलं गरम पाणी बिजागऱ्यांवर ओतलं.
"एक्क्याण्णवच्या जुलैपासून बंद आहे," म्हणाल्या.
"ह्यू म्हणायचा, बॅटरी गेली."

मॉरिस मायनर, अठ्ठावन्नची, राखाडी हिरवी.
मागच्या सीटवर उंदरांनी शेजारच्या मेंढ्यांची लोकर
पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली.
मी नवी बॅटरी आणली होती. जोडताना हात एकदा थांबतोच:
या गाड्यांत धन असतं सांगाड्याला,
आणि ऋण तारांतून फिरत असतं, दिव्यादिव्यापर्यंत.
"म्हणजे आमच्या घरासारखंच."
मी हसले. बाई हसल्या नाहीत.

आधी सोपं ते.
हँडल घालून इंजिन फिरतंय का बघावं.
"हँडल हरवलं. त्याच हिवाळ्यात."
मग चौथा गिअर टाकून दोघींनी ढकलली,
गाडी वीतभर सरकली, पंखा वीतभर फिरला. अडकलेलं काही नव्हतं.
पॉइंट्सवर हिरवट साय होती, ती घासून काढली,
आणि स्टार्टरची मूठ ओढली.

आतून एक कण्हणं. बस्स.

पण दिवे मंदावले नाहीत.
बॅटरी गेलेली असती तर दिव्यांनी मान टाकली असती.
"आणखी एकदा," मी म्हटलं,
आणि बाईंनी चोकवरचा हात झटकला.
मूठ पोळली होती.
चोकची तार, पेन्सिलीतल्या शिशाएवढी.
स्टार्टरची सगळी वीज, परतायला रस्ता नाही म्हणून,
तिच्यातून घरी जाऊ बघत होती.

मीटरचं एक टोक इंजिनाला, एक सांगाड्याला.
मूठ ओढलेली असताना शून्याच्या आसपास हवं.
नऊ व्होल्ट.
एकाच गाडीची दोन अंगं, एकमेकांना खेटून,
आणि मध्ये नऊ व्होल्ट.

मी पाठीवर खाली सरकले. माती गोठलेली.
गिअरबॉक्सपासून सांगाड्यापर्यंत तांब्याचा एक विणलेला पट्टा असतो.
तुटतो कधी. कधी हिरवा पडून हातात भुगा येतो.
इथे पट्टाच नव्हता.
बोल्ट होता, परत जागेवर आवळून बसवलेला,
आणि त्याला ग्रीस लावलेलं,
पुढे कधीतरी सहज निघावा म्हणून,
नीटनेटका माणूस लावतो तसं.

मी जरा जास्तच वेळ खाली राहिले.
बाईंचे रबरी बूट दिसत होते, एकमेकांवर घासणारे.

सांगितलं.
"बॅग मागच्या सीटवर होती," त्या म्हणाल्या.
"मॉझगीलला निघाले होते, बहिणीकडे. कायमची.
चार वेळा ओढली मूठ.
तो दारात उभा. म्हणाला, बॅटरी गेली असणार, उद्या बघतो.
मग बर्फ पडला. मग मेंढ्या व्यायला लागल्या."
आणि मग, मीटरकडे बघत,
"किती वेळ लागतो तो काढायला?"
"दोन मिनिटं. एकच बोल्ट."
"एकच."

नवा पट्टा लावला. तिसऱ्या ओढीला इंजिनाने धरलं,
खोकलं, निळा धूर, उंदरांची लोकर उडाली.
बाई बसल्या. आरसा उंच माणसाच्या डोळ्यांना लावलेला होता,
तो त्यांनी बोटाने खाली केला.
"ब्रेक अजून धड नाहीत!" मी ओरडले, "हँडब्रेकवर थांबा!"
फाटकाशी थांबल्या. फाटक उघडं होतं.
इंजिन चालूच.

मी हत्यारं गोळा केली. सहज वर बघितलं,
तर तुळईला सुतळीने बांधलेलं हँडल.
सोडवलं, पुसलं, उंबऱ्याशी ठेवलं, जिथे पाऊल पडेल तिथे.
मग व्हॅनमध्ये बसून बिल लिहिलं.
बॅटरी, एक. पट्टा, एक.
बोल्ट जुनाच वापरला.